गिअर पडत नाही

‘मिस्त्री, गिअरबॉक्स गेला.’

बदलापूर पूर्वेला शिरगावच्या अंगाने जुनी पिकअप घेऊन गॅरेजात येणारा माणूस बहुतेक वेळा याच वाक्याने सुरुवात करतो. निदान तो घरूनच घेऊन आलेला असतो, मिस्त्रीने फक्त मान डोलवायची. गिअरबॉक्स गेला म्हणजे खिशातून किती गेले, हा हिशेबही त्याने रात्री पडल्या पडल्या केलेला असतो. मुरलेला मिस्त्री यावर हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. हात पुसतो, ड्रायव्हरच्या सीटवर बसतो आणि इंजिन बंदच ठेवून दांडी हलवतो. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा, रिव्हर्स. सगळे गिअर विनातक्रार पडतात. मग चावी फिरवतो, क्लच तळापर्यंत दाबतो आणि रिव्हर्स टाकायला जातो. खर्रर्र. पहिला टाकायला जातो, तर दांडी आडवी येते आणि जोर लावला की गाडी जागच्या जागी हिसका देते.

‘गिअरबॉक्सला हात लावायचा नाही,’ तो सांगतो. ‘क्लच सोडत नाही तुमचा.’

इंजिन बंद असताना जो गिअर पडतो आणि चालू असताना पडत नाही, त्यात गिअरबॉक्सचा गुन्हा क्वचितच असतो. दांडीखालचे बुश झिजले असते किंवा आतला फोर्क वाकला असता, तर इंजिन बंद असतानाही दांडी अडलीच असती. दोन्ही प्रसंगांत फरक एवढाच, की एकात शाफ्ट फिरतोय आणि दुसऱ्यात नाही. पेडल दाबलं की इंजिनाचं फिरणं गिअरबॉक्सपासून पूर्ण तुटायला हवं. ते थोडं जरी शिल्लक राहिलं तरी गिअरबॉक्सचा पहिला शाफ्ट फिरत राहतो आणि स्थिर दात्यांवर फिरते दाते घासतात. आधी ओरडतो तो रिव्हर्स, कारण जुन्या गाड्यांत पुढच्या गिअरांना दात्यांचा वेग जुळवणारी सिंक्रो रिंग असते, रिव्हर्सला बहुधा नसते.

आता घाई आणि बिघाड यांतला फरकही काढावा लागतो. क्लच दाबायचा, मनात शांतपणे दहापर्यंत मोजायचं आणि मग रिव्हर्स टाकायचा. क्लच खरोखर सुटला असेल तर तेवढ्या वेळात शाफ्ट आपोआप थांबतो आणि गिअर मुकाट पडतो. म्हणजे चूक ड्रायव्हरच्या घाईची. दहा मोजूनही खरखर झाली तर क्लच धरून ठेवतोय हे नक्की. या तपासणीला एक पाना लागत नाही, जॅक लागत नाही. तरी कित्येक गाड्यांचे गिअरबॉक्स ती न करताच खाली उतरतात.

उतरवणं म्हणजे काय, हे एकदा बघण्यासारखं आहे. गाडी घोड्यांवर चढवायची. मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट क्रॉसपाशी सोडायचा. स्टार्टर काढायचा, स्पीडोमीटरची केबल सोडायची, दांडी वर ओढून घ्यायची. बेल हाऊसिंगचे बोल्ट एकेक करत ढिले करायचे. त्यांतला सगळ्यात वरचा बोल्ट जिथे हात जात नाही आणि डोळाही पोचत नाही अशाच जागी असतो, आणि तोच गंजलेला असतो. मग गिअरबॉक्स जॅकवर तोलून, एकाने धरून आणि दुसऱ्याने हलवून, सरळ रेषेत मागे ओढायचा. तिरका लोंबकळला तर क्लच प्लेटचा मधला भाग वाकलाच म्हणून समजा. बसवताना हेच उलट्या क्रमाने, आणि प्लेट मधोमध आली नसेल तर शाफ्ट आत शिरतच नाही. आतून बदलायचं काहीही असो, छोटी बेअरिंग असो की अख्खा सेट, मजुरी सारखीच पडते. म्हणूनच एकदा खाली उतरवला की प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्र बदलायची पद्धत पडली. आणि म्हणूनच उतरवायचा की नाही, हा प्रश्न या धंद्यातला सगळ्यात महागडा प्रश्न आहे.

या पट्ट्यात तो रोज कुठे ना कुठे विचारला जातो. एमएच-05 नंबरच्या, म्हणजे कल्याण आरटीओच्या, पंधरा-पंधरा वर्षांच्या पिकअप इथे अजून पोट भरून देतात. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातले सोफे आणि कपाटं, तिथल्याच कॅम्पातल्या कारखान्यांतल्या जीन्सचे गठ्ठे, अंबरनाथ आणि बदलापूरच्या एमआयडीसीतला कच्चा-पक्का माल, भट्टीवरच्या विटा आणि मोसमात ज्यांना भौगोलिक मानांकन मिळालंय ती बदलापूरची जांभळं. तिकडून जुन्नर-ओतूरचा भाजीपाला माळशेज घाट उतरून कल्याणच्या बाजारात येतो. एकाच गाडीत सोमवारी सिमेंट असतं आणि गुरुवारी नवरीचं सामान. गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेसची तपासणी दर वर्षी करून घ्यावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो. 2021 साली जुन्या गाड्या भंगारात काढण्याचं धोरणही जाहीर झालं. पण नवीन गाडीचा हप्ता आणि जुन्या गाडीचा क्लच यांतून निवडायचं झालं, तर एका गाडीवर घर चालवणारा माणूस क्लच निवडतो. त्याला अर्थशास्त्र शिकवायला जाऊ नये.

या गाड्यांचं कुळही बरंचसं महाराष्ट्रातलंच. टाटांच्या टेल्कोने पुण्यात केलेली टाटामोबाइल 206 ही पिकअप 1988 साली बाजारात आली आणि पुढे तिच्या 207 या भावंडाने खेड्यापाड्यांतले रस्ते व्यापले. महिंद्राची बोलेरो 2000 सालची, नाशिकच्या कारखान्यातली. तिच्या पिकअपला आज गावोगाव नुसतं ‘पिकअप’ म्हणतात. त्याआधी महिंद्राने डिझेल इंजिनांसाठी फ्रान्सच्या प्यूजोचं तंत्र घेतलं होतं आणि इगतपुरीला इंजिनं बनवली होती. योगायोग असा, की नव्वदच्या दशकात प्यूजोची 309 ही मोटारही इथेच, कल्याणच्या कारखान्यात, प्रीमियरबरोबरच्या भागीदारीत बनत होती. ती मोटार थोड्याच वर्षांत संपली. 2005 साली टाटांचा एस म्हणजे ‘छोटा हत्ती’ आला आणि हातगाडी-टेम्पोवाल्यांच्या गल्ल्यांतही चारचाकी शिरली. या सगळ्या मालवाहू गाड्यांत एक गोष्ट सारखी: इंजिन पुढे, ओढणारी चाकं मागे, मधे गिअरबॉक्स, आणि इंजिन व गिअरबॉक्स यांच्या मधल्या सांध्यात, बाहेरून न दिसणारा, क्लच.

काम तसं सोपं आहे. सिग्नलला उभ्या गाडीचं इंजिन मिनिटाला साताठशे फेऱ्यांनी फिरत असतं आणि चाकं शून्यावर असतात. या दोघांची गाठ अचानक घातली तर इंजिन बंद पडेल. म्हणून इंजिनाला जोडलेलं फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्या मधे लायनिंग लावलेली एक तबकडी धरायची, दोन तळहातांत कागद धरावा तशी. पकड ढिली केली की कागद निसटतो, आवळली की हाताबरोबर येतो. मधल्या वेळात घसरण होते, आणि ज्या घसरणीवर गाडी उचलते तिची किंमत उष्णतेत चुकवावी लागते. सपाट रस्त्यावर उभी गाडी चालू करताना तिला जेवढी गतिऊर्जा मिळते, साधारण तेवढीच ऊर्जा क्लचमध्ये जळून जाते. निम्मं कामाला, निम्मं चुलीत. गाडी दुसऱ्या गिअरवर उचलायची सवय असेल तर हिशेब आणखी बिघडतो. पहिल्या गिअरचं प्रमाण चारास एक आणि दुसऱ्याचं सव्वादोनास एक धरलं, तर इंजिनाच्या त्याच फेऱ्यांवर क्लच पूर्ण धरेपर्यंत गाडीला पावणेदोन पटींहून जास्त वेग गाठावा लागतो आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढत असल्याने प्लेटवरची उष्णता तिपटीच्या वर जाते. ‘हलकीच गाडी आहे, सेकंडवर उठते’ असं कौतुकाने सांगणाऱ्या ड्रायव्हरला हे कुणी सांगत नाही.

त्यात संध्याकाळची बदलापूरची वाहतूक. स्टेशनजवळच्या गर्दीत, उड्डाणपुलाच्या चढावर, पुढच्या रिक्षाने दोन फूट जागा केली की दोन फूट सरकायचं. हॅन्डब्रेक ओढायचा कंटाळा, म्हणून चढावर गाडी हाफ क्लचवर तोलून धरायची. ड्रायव्हरला ती कसबाची गोष्ट वाटते, आणि आहेही. फक्त त्या कसबाची फी लायनिंग भरतं. याचा वास एकदा ओळखला की विसरत नाही. ब्रेकच्या वासापेक्षा उग्र, जळक्या रबरापेक्षा कोरडा, आणि केबिनमध्ये खालून वर येणारा.

क्लच सोडत नाही हा एक रोग आणि क्लच धरत नाही हा दुसरा, नेमका उलटा. या दुसऱ्याची आणि दमलेल्या इंजिनाची तक्रार गाडीवाले एकाच शब्दांत करतात: ‘गाडी ओढत नाही.’ म्हणून मिस्त्री विचारतो, कधी ओढत नाही? रिकामी असताना की भरलेली? चढाला की सपाटीला? अ‍ॅक्सिलेटर दाबल्यावर आवाज वाढतो का? इंजिनाचा आवाज चढतो पण वेग चढत नाही, आणि तेही वरच्या गिअरवर, भरल्या गाडीत, असं उत्तर आलं तर प्लेट घसरतेय, ‘स्लिप मारतेय’. आवाजही चढत नसेल तर क्लचला विसरून डिझेल फिल्टर आणि इंजिनाकडे वळायचं. मोकळ्या जागेवर हॅन्डब्रेक पक्का ओढून, ब्रेक दाबून, चौथ्या गिअरवर हळूहळू क्लच सोडायचा. धड क्लच असेल तर इंजिन धडपडून बंद पडतं. ते आरामात चालत राहिलं तर लायनिंग संपलं, किंवा त्याला तेल लागलं, किंवा पेडलची मोकळी चाल संपल्याने प्रेशर प्लेट कायम अर्धवट दाबलेली आहे. ही परीक्षा एकदाच घ्यायची. खात्री करून घेण्यासाठी चार वेळा घेतली तर मिस्त्रीच प्लेट जाळतो.

तिन्हींपैकी मोकळी चाल तपासणं फुकटात होतं, म्हणून ती आधी. दुसऱ्या कारणासाठी बेल हाऊसिंगच्या खालच्या भोकाशी बोट फिरवायचं. बोटाला काळं, पातळ तेल आलं तर इंजिनाचं मागचं सील गळतंय. दाट, गंधकाच्या वासाचं आलं तर गिअरबॉक्सचं पुढचं. हे आधी कळलं नाही आणि नुसती प्लेट बदलली, तर नवी प्लेट त्याच तेलात काही महिन्यांत निकामी होते आणि दोष कंपनीच्या मालावर जातो.

आवाजांचा भाग मात्र कानाचा आहे. गॅरेजांत लांब डिसमिसचं टोक हाऊसिंगला लावून मूठ कानाशी धरण्याची जुनी रीत आहे, आणि ती काम करते. त्याहून चांगलं म्हणजे काय फिरतंय आणि काय थांबलंय याचा विचार. इंजिन चालू, गाडी न्यूट्रल, पाय पेडलवर नाही: या वेळी गिअरबॉक्सचा पहिला शाफ्ट आणि खालचा काउंटर शाफ्ट फिरत असतात. घरघर येतेय आणि क्लच दाबताच ती विझते? म्हणजे फिरणं थांबलं तसा आवाज थांबला. दोष त्या शाफ्टांच्या बेअरिंगांत. उलट, पेडलवर नुसता पाय टेकवला आणि चिरचिर सुरू झाली, तर रिलीज बेअरिंग. तिसरी जागा बारीक आहे. पेडल पूर्ण दाबलेलं आणि गाडी गिअरमध्ये उभी असतानाच जर किंचाळल्यासारखा आवाज आला, तर फ्लायव्हीलच्या मधोमध बसलेली छोटी पायलट बेअरिंग, कारण इंजिन फिरतंय आणि शाफ्ट थांबलाय अशा अवस्थेतच तिला काम पडतं. एरवी दोघं बरोबर फिरतात आणि ती निवांत असते. तीन आवाज, तीन जागा, आणि एकही नट न सोडता.

रस्त्यावर नेल्यावर आणखी एक पुरावा मिळतो. ओढणारी चाकं मागे असलेल्या जुन्या पिकअपमध्ये चौथा गिअर बहुधा ‘डायरेक्ट’ असतो. त्यात ताकद खालच्या शाफ्टकडे न जाता वरच्या वर सरळ मागे जाते. तिसऱ्यात गुरगुरणारी गाडी चौथ्यात गप्प झाली तर काउंटर शाफ्ट आणि त्याच्या बेअरिंगांवर संशय. सगळ्या गिअरांत सारखाच आवाज, आणि तो इंजिनाच्या नाही तर गाडीच्या वेगाबरोबर बदलतो, तर मागे जा: क्रॉस, मधली बेअरिंग, मागच्या चाकांमधलं डिफरन्शियलचं हाऊसिंग. गिअरबॉक्सच्या नावावर खपणाऱ्या आवाजांपैकी कितीतरी मागच्या हाऊसिंगचे असतात. पत्र्याच्या लांब गाडीत आवाज कुठून येतोय हे सीटवर बसून सांगणं कठीणच.

आणि गिअर उडतो ती तक्रार? तिच्याकडे हसण्यावारी बघू नये, विशेषतः माळशेजसारखा घाट उतरणाऱ्याने. घाटात पाय अ‍ॅक्सिलेटरवरून उचलला की इंजिन गाडीला मागे ओढून धरतं. नेमक्या त्या क्षणी गिअर सुटून न्यूट्रल झाला तर सगळा भार ब्रेकवर येतो. यात गिअरांचे कुत्रे, म्हणजे एकमेकांत अडकणारे दाते, गोल झालेले असू शकतात किंवा दांडीला जागेवर धरणारी गोळी-स्प्रिंग थकलेली. पण त्याआधी तळवा दांडीवर हलकेच ठेवून बघतात. पाय उचलताच दांडीच पुढे-मागे उसळत असेल तर इंजिनाचं किंवा गिअरबॉक्सचं रबर माउंटिंग फाटलंय आणि अख्खा सांगाडा हलून गिअर बाहेर फेकला जातोय. माउंटिंग बदलायला गिअरबॉक्स खोलावा लागत नाही.

खोलण्याआधीचा शेवटचा साक्षीदार म्हणजे आतलं तेल. खालचा प्लग काढला की बहुतेक गाड्यांत त्याला चुंबक असतं. चुंबकावर राखाडी बारीक लगदा असणं म्हातारपणाचं लक्षण, आजाराचं नाही. लोखंडाचे कण बोटाला टोचू लागले, तुकडे सापडले, तर गिअर किंवा बेअरिंग तुटतेय. चुंबकाला न चिकटता तेलातच तरंगणारी पिवळी चमक दिसली तर ती पितळेची, सिंक्रो रिंगांची. इथे एक चूक महागात पडते. मागच्या हाऊसिंगसाठीचं जीएल-5 प्रतीचं जळजळीत तेल ‘जास्त चांगलं’ म्हणून गिअरबॉक्समध्ये ओतलं जातं. त्यातली गंधक-फॉस्फरसची द्रव्यं प्रचंड दाबाखाली दात्यांना वाचवतात, पण पितळ खातात. कंपनीने जीएल-4 सांगितलं असेल तर त्यामागे कंजुषी नसते.

आणि तेल दुधाळ निघालं तर पाणी शिरलंय. या भागात त्याचं आश्चर्य वाटण्याचं कारण नाही. 26 जुलै 2005 चा पूर बदलापूरकरांना सांगावा लागत नाही. 27 जुलै 2019 ला उल्हास नदीचं पाणी चढलं आणि वांगणी-बदलापूरच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस हजाराहून अधिक प्रवाशांसह अडकली, तेव्हा सगळ्या देशाने बोटींचे फोटो बघितले. त्याच पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांचे फोटो कुणी छापले नाहीत. पूर ओसरल्यावर लोक इंजिनाचं तेल बदलतात, सीट उन्हात घालतात, आणि गिअरबॉक्सला हवा घेण्यासाठी ठेवलेल्या नळीतून पाणी आत गेलं असेल हे त्यांच्या ध्यानीमनी नसतं. गिअरबॉक्स पुढे अनेक महिने तसाच चालतो, आतून गंजत. तक्रार आली की पूर कुणाला आठवत नाही. पावसाचा दुसरा उपद्रव त्यामानाने विनोदी: चार महिने झाडाखाली उभ्या राहिलेल्या गाडीची प्लेट गंजाने फ्लायव्हीललाच चिकटून बसते आणि पेडल दाबूनही सुटत नाही. मोकळ्या मैदानात, समोर कुणी नसताना, गिअर टाकून आणि क्लच दाबून स्टार्टर मारला की बहुतेक वेळा ती एका हिसक्यात सुटते.

सिंक्रो रिंग गेली म्हणजे गाडी थांबलीच असं मात्र नाही, आणि इथे जुन्या ट्रकवाल्यांची आठवण काढणं भाग आहे. अमेरिकेत अर्ल थॉम्पसनची सिंक्रोमेश रचना 1928 साली कॅडिलॅकमध्ये आली, तोवर जगभरच्या ड्रायव्हरांना दात्यांचा वेग स्वतः जुळवावा लागे. भारतातल्या ट्रकांवर तर ही विद्या त्यानंतर कित्येक दशकं जिवंत होती. क्लच दाबायचा, न्यूट्रल करायचं, क्लच सोडायचा, अ‍ॅक्सिलेटरची नेमकी एक ठोस द्यायची, परत क्लच दाबायचा आणि खालचा गिअर टाकायचा. डबल क्लच. बोरघाटात भरल्या ट्रकचा गिअर असा न खरखरता उतरवणारा ड्रायव्हर सहकाऱ्यांत मान मिळवून असे. आजही दुसऱ्या गिअरची रिंग संपलेल्या पिकअपचा एखादा पिकल्या केसांचा मालक असाच गाडी चालवत राहतो आणि त्याच्या मुलाच्या हातात तीच गाडी किंचाळते. मुलगा म्हणतो गिअरबॉक्स खराब आहे. दोघंही खरं बोलत असतात.

लायनिंगचा इतिहास लहान आहे पण डाग लागलेला. इंग्लंडमध्ये डर्बीशरच्या हर्बर्ट फ्रूडने 1897 च्या सुमारास गाड्यांच्या ब्रेकसाठी घर्षणाचे ठोकळे करायला सुरुवात केली आणि त्यातून पुढे फेरोडो उभी राहिली. विसाव्या शतकात या लायनिंगांत अ‍ॅस्बेस्टॉस सर्रास वापरलं गेलं. उष्णता सोसतं, स्वस्त पडतं, आणि फुप्फुसात गेलं की कर्करोग देतं. बेल हाऊसिंग उघडल्यावर साचलेली काळी पूड कॉम्प्रेसरच्या हवेने भस्सकन उडवून देण्याची सवय आजही दिसते. जुनी, कुठल्या मालाची ते माहीत नसलेली प्लेट असेल तर ती पूड ओल्या फडक्याने पुसावी, हे हवा मारणाऱ्या पोऱ्याला सांगायला गॅरेजात कुणी मोकळं नसतं. त्याच्या फुप्फुसाची किंमत बिलात लागत नाही.

बिलात आणखीही एक गोष्ट लागत नाही, ती म्हणजे विचार. बोल्ट सोडल्याची मजुरी असते, लेथवर फ्लायव्हीलला फेस मारल्याची असते, सुट्या भागाची पावती असते. दांडी हलवून, दहापर्यंत मोजून, प्लगचं तेल बोटांत चोळून काढलेल्या उत्तराचा रकाना कुठल्याच बिलबुकात छापलेला नाही. गिअरबॉक्स उतरवला तर दिवसाचे पैसे मिळतात. उतरवायची गरज नाही हे शोधलं तर अर्ध्या तासाचे. अशा हिशेबात गिअरबॉक्स उतरतात ते केवळ मिस्त्रीच्या लोभाने नव्हे. गिऱ्हाईकालाही डोळ्यांदेखत काहीतरी सुटं झालेलं, काळं झालेलं, बदललेलं दिसायला हवं असतं. अंबरनाथच्या आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स करून आलेल्या मुलाला पुस्तकातल्या सगळ्या परीक्षा ठाऊक असतात. गॅरेजात आल्यावर त्या घ्यायला वेळ मागण्याइतकं वजन त्याला येईतो बरीच वर्षं जातात.

सुरुवातीच्या त्या पिकअपचं पुढे असं झालं. मिस्त्रीने पेडल भराभर तीन-चार वेळा मारलं आणि लगेच रिव्हर्स टाकला. पडला, आवाज न करता. म्हणजे प्लेट सुटते आहे. सोडवणारा दाब मधेच कुठेतरी हरवतोय. बॉनेट उघडल्यावर क्लचच्या मास्टर सिलेंडरची बाटली तळाला गेलेली. खाली शिरून स्लेव्ह सिलेंडरचं रबरी टोपण बोटाने उचकटलं, तर आतून ओघळ. या ‘ब्रेक ऑइल’ला तेल म्हणतात खरं, पण ते हवेतली ओल शोषून घेतं, आणि कोकणातल्या या हवेत काही वर्षं न बदललं तर सिलेंडरच्या आतल्या भिंतीवर गंजाचे खड्डे पडून तेच रबर कापतात. मालकाने मधे कधीतरी बाटलीत इंजिन ऑइलची भर घातली होती का, असं मिस्त्रीने विचारलं; त्याने रबर फुगून बसतं. मालक जरा जास्तच जोरात नाही म्हणाला.

सिलेंडरच बदलला, कारण खड्डे पडलेल्या नळीत नवी किट घालणं म्हणजे पैसे आणि ब्रेक ऑइल दोन्ही वाहू देणं. पोऱ्या वर बसून पेडल मारतोय, मिस्त्री खालून निपल ढिला करून हवा काढतोय, ‘दाब... धर... सोड’ असं अर्धा तास चाललं. बुडबुडे थांबले, तेल सलग आलं. गिअर पडू लागले.

‘एवढंच होतं?’ मालकाने विचारलं. त्याच्या आवाजात सुटकेपेक्षा संशय अधिक होता. ‘मग मजुरी एवढी कशाची?’

मिस्त्रीने उत्तर न देता त्याला सीटवर बसवलं आणि न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला सांगितलं. खालून बारीक घरघर येत होती. क्लच दाबला, थांबली. सोडला, पुन्हा सुरू.

‘हे काय आहे?’

‘इनपुट बेअरिंग. याला उतरवावा लागेल. पण आत्ता नाही, वर्ष काढेल कदाचित. पासिंग कधी आहे?’

‘फेब्रुवारीत.’

‘मग म्हसाच्या जत्रेची भाडी मारून घ्या, जानेवारीत आणा. तोवर तेल बदलून चालवा आणि आवाज भरल्या गाडीत वाढला तर फोन करा. उतरवल्यावर प्लेट आणि मागचं सीलही बघून घेऊ, परत परत नको.’

‘किती लागतील, आत्ताच सांगून ठेवा ना, भाऊ.’

‘बेअरिंगचे सांगतो,’ मिस्त्री हात पुसत म्हणाला, ‘बाकीचं उतरवल्यावर.’